बस की!

आमच्या घराण्यात कौतुक करायची पद्धत नाही. दहावीला 82 टक्के पडले तेव्हा आबांनी मार्कशीट उलटी करून मागची बाजू बघितली, उरलेले 18 तिकडं छापलेत की काय म्हणून. मग म्हणाले, "गिळ आता." आमच्याकडं हे लाडाचं बोलणं समजतात. "कुठं तडफडला हुतास?" याचा अर्थ तुझी काळजी लागली होती. "मुडद्या" म्हणजे बाळा. शिवाजी पेठेत निम्म्या घरांत माया याच भाषेत चालते आणि तिथं वाढलेल्या माणसाला दुसरी येत नाही.

अशा माणसाला, वयाच्या 41व्या वर्षी, ताराबाई पार्कातल्या एका ट्रेनरताईनं सांगितलं, "कुत्र्याशी बोलताना आवाजात आनंद हवा. गुड बॉय म्हणा बघू."

मी म्हटलं. तिनं विचारलं, घशाला काय झालंय?

कुत्रं लेकीनं आणलं. गावठी, अडीच महिन्यांचं, अंगानं विटकरी, म्हणून तांबड्या. आल्या आल्या त्यानं पायपुसणं, हिचा पदर आणि माझी पोटरी या क्रमानं घर ताब्यात घेतलं. आबांचा उपाय तयार होता, वर्तमानपत्राची सुरळी. लेकीचा वेगळा होता, मोबाइलवर बघून पाठ केलेला. मारायचं नाही, ओरडायचं नाही, घरात मुतलं तरी नाक घासायचं नाही. हवं ते केलं की त्या क्षणी खाऊ. नको ते केलं की लक्ष द्यायचं नाही, तोंडात चघळायला दुसरं काहीतरी द्यायचं. कारण कुत्र्याला दहा मिनिटांपूर्वीचा गुन्हा आणि आत्ताचा रट्टा यांची सांगड घालता येत नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूस बरा आहे, पण अधूनमधून पिसाळतो.

"ह्ये तर आपल्या आबांसारखं झालं," मी हळूच म्हणालो. आबांना ऐकायला कमी येतं, पण निवडक.

चार महिन्यांचा झाल्यावर तांबड्याला पक्के दात यायला लागले आणि हिरड्या शिवशिवायला लागल्या. चघळायला आणलेलं रबरी हाड त्यानं हुंगून बाजूला ठेवलं. त्याला आबांची कापशी, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, दिसली होती. चप्पल लाइनीत पायाचं माप देऊन केलेली, तेल पाजून पाजून मऊ केलेली, गल्लीच्या तोंडाला वाजली की घरात सगळ्यांनी टीव्हीचा आवाज कमी करावा अशी. हे कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. त्याला वास असा असतो की मलाच कधीकधी मोह होतो. तांबड्यानं उजव्या पायातलीचे दोन्ही कान आणि अर्धी वेणी खाल्ली. अंगठा तेवढा ठेवला, पुरावा म्हणून.

आबांनी उरलेली डावी हातात घेतली. मी मध्ये पडलो. "आबा, असल्या वेळी दुर्लक्ष करायचं असतंय."

"कुणाकडं? तुझ्याकडं?" आबा म्हणाले. "त्यानं पायताण खाल्लंय न्हवं? आता पायताणाचा मार बी खाऊ दे."

त्या रात्री जेवताना आबांनी संस्थानाचा दाखला काढला. कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते पाळायचे, त्यांना तयार करणारे चित्तेवान असायचे. "त्या चित्त्याला कोन गुड बॉय म्हनत हुतं काय? जनावर हाय त्ये. धाकात ठेवायचं." मी त्याच रात्री वाचत बसलो. चित्त्यानं काळवीट धरलं की चित्तेवान धावत जायचा आणि लाकडी पळीतून ताजं रक्त त्याच्या तोंडापुढं धरायचा. चित्ता पळीला लागला की शिकार सोडायचा, मग डोळ्यांवर टोपी. म्हणजे दमदाटी नव्हेच, खाऊ होता! सकाळी आबांना हे सांगितलं. आबा म्हणाले, "पळी धुवून ठेवत हुते का?" आणि आंघोळीला गेले.

खाऊचं काम माझ्याकडं आलं. खाटकाकडं जाऊन पावशेर कलेजी मागितली.

"कोन आजारी हाय?"

"कुत्र्याला ट्रेनिंग द्यायचंय."

त्यानं सुरा खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "आनि तुमाला काय दिऊ?"

कलेजी नुसत्या पाण्यात उकडायची. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून दोन्ही बंद. आमच्या ओट्यावर कांदा-लसूण मसाल्याची बरणी देवासारखी असते. तिच्यादेखत बिनमसाल्याचं काही शिजतंय हे बघून हिनं बरणीवर फडकं टाकलं. कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे करायचे, कारण कुत्रं आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं ते मोजतं.

बसायला शिकवायची युक्ती सोपी आहे. तुकडा नाकापुढं धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागं न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. बूड टेकलं त्याच क्षणी खूण द्यायची आणि खाऊ द्यायचा. ही खूण महत्त्वाची. 1940 च्या दशकात अमेरिकेत स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या ब्रेलँड नवरा-बायकोनं त्यासाठी एक खटका वापरायला सुरुवात केली. टिक वाजलं की जनावराला कळतं, बरोबर, हेच. सेकंदभर उशीर झाला तर बसल्याचं नव्हे, उठल्याचं बक्षीस मिळतं. लोकांना हे समजायला पुस्तकं लागली. आपल्याकडं रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं असतं, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

मीही खटका आणला. तिसऱ्या दिवशी तांबड्यानं तो खाल्ला.

मग शब्दाची खूण ठरवायची वेळ आली. ट्रेनरताई म्हणाली, छोटा शब्द घ्या, तुमच्या तोंडातून मनापासून येईल असा. गुड बॉय अडकत होतं. शाब्बास म्हटलं की मला शाळेतले ड्रिलचे मास्तर आठवायचे. शेवटी एकच शब्द घशातून विनासायास बाहेर आला, भारी. चार दिवसांत तांबड्या "बस की" म्हटलं की बसायला लागला. मी "भारी!" म्हणायचो, तुकडा द्यायचो. माझा आवाजही सुधारला. दूधवाला म्हणाला, "आज लई खुशीत?"

आणि रविवारी संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन रंकाळ्यावर गेलो.

कट्ट्यावर चार पोरं भेळ खात बसली होती. एकानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "भारी हाय रं!"

तांबड्यानं हिसडा मारून माझ्या हातातून दोरी सोडवली, त्या पोराच्या पुढ्यात जाऊन बसला आणि वर तोंड केलं. अगदी सरळ पाठीनं.

"आयला, बसलं बघ!" दुसरा म्हणाला. "भारी!"

तांबड्या दुसऱ्याकडं वळला आणि बसला.

"लई भारी!" तिसरा.

आता या शास्त्रात नियम असा की खुणेचा शब्द म्हणजे लेखी चिठ्ठी. चिठ्ठी फाटली की पैसे द्यायचेच, नाही तर शब्दाची पत जाते. म्हणून मी कलेजीची पिशवी घेऊन कोल्हापूरच्या जनतेच्या मतांची उधारी फेडत पळत होतो. कणीसवाल्याकडं एक भारी. सेल्फी काढणाऱ्या दोघींचे दोन. कुणाच्या तरी नव्या बुलेटभोवती सात-आठ जण उभे होते, तिथंच माझी पिशवी संपली. लेक मागून ओरडत होती, "पप्पा, त्या काकांनी पण म्हटलं!"

ट्रेनरताई फोनवर बराच वेळ हसली. म्हणाली, शब्द बदला. कोल्हापुरात कुणी म्हणतच नाही असा घ्या.

"आभार," लेक म्हणाली. पोरगी हुशार आहे. आपल्याकडं हा शब्द फक्त कार्यक्रमाच्या शेवटी माइकवरून येतो आणि तोवर लोक चपला शोधत असतात. तेव्हापासून मी रोज सकाळी गल्लीत कुत्र्याचे आभार मानतो. तालमीतून परत येणारी पोरं विचारतात, "वॉर्डातनं हुबारनार काय?"

भारीचं खातं मात्र बंद करायचं होतं. कोणी काही म्हणो, तुकडा द्यायचा नाही. पहिला आठवडा भयंकर गेला. विझायच्या आधी ज्योत मोठी होते तसं तांबड्या शब्द ऐकला की बसायचा, भुंकायचा, आबांचं धोतर ओढायचा. मग कमी झालं. तीन आठवड्यांत भारी म्हटलं तरी त्याचा कानही हलेना. कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियातल्या पाव्हलॉवनं शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की विझलेली सवय आत मुरून असते, मध्ये काही दिवस गेले की आपसूक वर येते. ते पान मी तोवर वाचलं नव्हतं.

परवा रविवारी ही माहेरी गेलेली, म्हणून पांढरा रस्सा मी केला. खसखस, तीळ, काजू वाटून घेतले, नारळाचं दूध फुटू नये म्हणून शेवटी बारीक गॅसवर घातलं. आबांना वाटी दिली आणि पळी हातात धरून तिथंच उभा राहिलो. आबांनी एक भुरका मारला. दुसरा मारला. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "भारी झालाय."

मागच्या सोप्यातून नखं खरडल्याचा आवाज आला. तांबड्या फरशीवरून घसरत आला आणि आबांच्या ताटापुढं बसला. सरळ पाठीनं, वर तोंड करून.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवायला नेला, थांबले, आणि कोरडाच त्याच्या तोंडात दिला. "घे, मुडद्या."

मग माझ्याकडं बघितलं. मी अजून पळी घेऊन उभाच होतो.

"तू रं काय बघतोयस?" आबा म्हणाले. "बस की."

मी बसलो.