स्लीपरचे डबे आणि श्लीरेनचा कारखाना

झुरिकला खेटून श्लीरेन नावाचे छोटे शहर आहे आणि कामावर जाताना माझी गाडी तिथून जाते. १९५५ साली मद्रासजवळ पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, तेव्हा तिने डब्याचा आराखडा याच गावातल्या कारखान्याकडून घेतला होता. इथले डबे बांधण्याचे काम १९८५मध्ये थांबले. पेरांबूरला मात्र त्याच वंशातले डबे २०१८पर्यंत तयार होत राहिले. मिरजेच्या फलाटावर लहानपणी पाहिलेल्या गाड्यांचे मूळ इथे आहे, हे समजल्यापासून गावाकडे चाललेला डब्यांचा वाद मला परका वाटत नाही.

वाद असा आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांतले स्लीपरचे डबे कमी करून त्यांच्या जागी थर्ड एसी लावले गेले, त्यामुळे वेटिंग तिकिटाची माणसे उरलेल्या स्लीपरमध्ये शिरतात आणि जनरलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की लोकांची ऐपत वाढली आहे, थर्ड एसी खर्च भरून काढतो आणि स्लीपर व जनरल कायम तोट्यात चालतात. शिवाय गाडी ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेगाने पळवायची तर उघड्या खिडक्यांचा डबा चालत नाही. ही दुसरी बाजूही खोटी नाही.

ऐंशीच्या दशकातल्या मेल-एक्स्प्रेसची रचना मला आजही आठवते. इंजिनामागे जनरलचे डबे, मग टपालाचा डबा, त्याच्या फटीत जादा तिकीट लावलेले पत्र टाकायला धावत येणारी माणसे, पुढे स्लीपरची लांबलचक रांग, मधे कुठेतरी फर्स्ट क्लास आणि एखादा टू-टियर एसी, आणि शेवटी पुन्हा जनरल व गार्डाचा डबा. दोन्ही टोकांना जनरल ठेवल्याने गर्दी विभागली जाते, हे खरे. पण सर्वांत जास्त ओझे डोक्यावर असलेल्या माणसालाच फलाटावर सर्वांत जास्त धावावे लागते, हेही तितकेच खरे. कोणता डबा कुठे आणि किती लावायचा, यात समाजाविषयीचा निर्णय तेव्हाही होता.

त्या काळाची आठवण गोड करून सांगण्याचा माझा हेतू नाही. तिसऱ्या वर्गाचे नाव १९७४मध्ये बदलून दुसरा वर्ग झाले, पण झोपायच्या फळ्या लाकडीच राहिल्या. त्या फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्या मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना. राजापूरच्या या खासदाराची भूमिका पहिल्या वर्गाला खाली ओढण्याची नव्हती, दुसऱ्याला वर उचलण्याची होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी त्यांनी मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. डब्यांची रचना हा राजकीय प्रश्न आहे, हे इतक्या स्वच्छपणे त्यांच्याइतके क्वचितच कुणी ओळखले असेल.

१९९३मध्ये थर्ड एसी आला आणि मध्यमवर्गाला परवडेल असा गारवा मिळाला. माझ्या आईचा उन्हाळ्यातला प्रवास त्यामुळे सुसह्य झाला, म्हणून त्या डब्याला मी नावे ठेवणार नाही. त्यानंतर जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले. ते अधिक लांब असल्याने चोवीस डब्यांची गाडी बावीसवर आली, पण स्लीपरमध्ये बहात्तरऐवजी ऐंशी बर्थ झाले. म्हणजे तांत्रिक बदलाने जागा कमी होणे अटळ नव्हते. त्या बावीस डब्यांत स्लीपर किती, हा प्रश्न वेगळा होता आणि तो प्रवाशांना कुणी विचारला नाही.

स्वित्झर्लंडशी तुलना जपून करायला हवी. झुरिकहून जिनिव्हा तीन तासांच्या आत येते, तिथे बर्थ लागतच नाही आणि आरक्षणाशिवाय दुसऱ्या वर्गात बसता येते. मला महत्त्वाची वाटते ती रात्रीची गाडी. जर्मन रेल्वेने २०१६च्या शेवटी स्वतःच्या शयनगाड्या बंद केल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातल्या बऱ्याच चालवायला घेतल्या. झुरिकहून सुटणाऱ्या त्यांच्या गाडीत नुसते बसायचे डबे, सामायिक झोपायचे डबे आणि बिछान्याच्या बंद खोल्या एकत्र जोडलेल्या असतात. कमी पैशांचा विद्यार्थी आणि जास्त पैशांचा निवृत्त माणूस एकाच वेळापत्रकाने, एकाच फलाटावरून निघतात.

आपल्याकडे मात्र वर्ग आता डब्यांऐवजी गाड्यांत विभागले जात आहेत. वंदे भारत पूर्ण वातानुकूलित, तर डिसेंबर २०२३पासून धावू लागलेल्या अमृत भारतमध्ये केवळ स्लीपर आणि जनरल. साध्या प्रवाशासाठी नवी गाडी निघाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जिथे ती जात नाही तिथल्या माणसाचे काय? त्याला महालक्ष्मीसारख्या जुन्या गाडीतच जागा हवी आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक जुन्या मेल-एक्स्प्रेसमध्ये स्लीपर आणि जनरलच्या डब्यांची किमान संख्या नियमाने बांधून द्यावी, आणि ती बदलायची असेल तर वेळापत्रकातल्या बदलासारखी आधी जाहीर करून त्या मार्गावरच्या प्रवाशांचे म्हणणे ऐकून घ्यावे.