मॉडेलच्या संचात चिलखती गाडी का नाही: दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

"टेहळणी रेजिमेंटचा संच मागवला, निघाले सगळे रणगाडे. चिलखती गाडी औषधालाही नाही. दुकानदाराला विषयाचा गंध नाही." असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण संच बरोबर आहे.

बॉक्सवर '11 वी आर्मर्ड डिव्हिजन, नॉर्मंडी 1944' छापलंय. ब्रिटिशांनी 1943 मध्येच चिलखती गाड्यांची रेजिमेंट डिव्हिजनकडून काढून वर कोअरकडे (डिव्हिजनांच्या वरची तुकडी) दिली आणि तिच्या जागी आर्मर्ड रेकी (म्हणजे टेहळणी) रेजिमेंट आणली, क्रॉमवेल रणगाड्यांची. मेटिअर इंजिन, 600 अश्वशक्ती. म्हणजे धावायलाही चपळ आणि गाठ पडली तर लढायलाही तयार. या डिव्हिजनमध्ये ते काम 2 नॉर्दॅम्प्टनशायर योमनरीकडे होतं. डिकॅलची (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांची) शीट उजेडात धरून बघा. पिवळ्यावर काळा बैल डिव्हिजनचा, आणि वर हिरवा, खाली निळा अशा चौकोनातला 45 हा आर्मर्ड रेकी रेजिमेंटचा आकडा. तो डेमलर चिलखती गाडीवर चिकटवलात तर प्रदर्शनात कुणीतरी टोकणारच.

हंबर चिलखती गाड्या आणि कॅरिअर (पट्ट्यावर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या) तुम्ही फोटोंत पाहिले असतील, ते इन्फंट्री म्हणजे पायदळ डिव्हिजनच्या रेकी रेजिमेंटचे. ते बिऱ्हाडच वेगळं.

डेमलर हवीच असेल तर तिलाही जागा आहे. 31 जुलै 1944 ला कोअरकडच्या चिलखती गाड्यांच्या रेजिमेंटची, म्हणजे 2 हाउसहोल्ड कॅव्हलरीची, एक डेमलर आणि एक स्काउट कार (छोटी टेहळणी गाडी) जर्मन फळीतून निसटून सुलव्र नदीवरच्या पुलाशी पोचली. पूल शाबूत! वायरलेसवर निरोप गेला आणि तो धरून ठेवायला योमनरीचे क्रॉमवेल धावले. त्यामुळे एकाच देखाव्यात दोन्ही चालतील, फक्त डेमलरवर 45 नको. (डेमलरला मागच्या बाजूलाही एक स्टिअरिंग असतं, उलटं पळायला. बांधताना ते विसरू नका, बहुतेक जण विसरतात.)

परतीचं म्हणाल तर सीलबंद बॉक्स आम्ही कधीही परत घेतो. तुमच्याच फोटोत एका क्रॉमवेलचा बुरूज चिकटवलेला दिसतोय, तेव्हा हा घेता येणार नाही. 1:72 या प्रमाणातली डेमलर दुकानात आहे. हवी असल्यास फोन करा, बाजूला काढून ठेवतो.