‘एलपीजीची गाडी, शटर पाडून चालवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझा भाचा भिवंडीच्या एका गोदामात एलपीजीवर चालणारी फोर्कलिफ्ट चालवतो. परवा त्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे बरोबर आहे ना?" मेसेज म्हणतो: एलपीजी स्वच्छ इंधन, त्यामुळे पावसात शटर पाडून काम केलं तरी चालतं. वास नाही म्हणजे धोका नाही. गॅस खालीच बसतो. आणि शंका आलीच तर ऑक्सिमीटर लावा, 95 च्या वर असेल तर निर्धास्त राहा. वर गूळ खायचा सल्ला.

बरोबर नाही. त्यातलं ऑक्सिमीटरचं तर जीव घेईल, म्हणून आधी तेच.

खरा धोका इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. कोविडमध्ये घरोघरी आलेलं ते यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्ताचा रंग वाचतं. त्याला ऑक्सिजन बसलेलं हिमोग्लोबिन आणि हा विषारी वायू बसलेलं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच दिसतं. म्हणजे माथाडी कामगार चक्कर येऊन पोत्यांना टेकलेला आणि यंत्रावर आकडा 98! तो बघून सुपरवायझर त्याला पुन्हा आत पाठवणार. खरं काय ते रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासल्यावरच कळतं.

आता ‘स्वच्छ इंधन’. एवढं मान्य, की नीट ट्यून केलेलं एलपीजी इंजिन डिझेलसारखा काळा धूर ओकत नाही. पण एअर फिल्टर धुळीने चोंदला, मिश्रणात हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गोदामातल्या धुळीत फिल्टर किती टिकतो, ते गाडी चालवणाऱ्यालाच विचारा. कंटेनर रिकामा करताना तर गाडी एकच तोंड उघडं असलेल्या पत्र्याच्या डब्यात शिरते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 1993 मध्ये व्हरमाँट राज्यातल्या अशाच विषबाधेचा अहवाल छापला होता. तिथलं यंत्र होतं प्रोपेनवर, म्हणजे एलपीजीतल्याच एका गॅसवर चालणारं, फरशी चमकवायचं. फोर्कलिफ्टपुढे ते काहीच नाही, तरी माणसांना बाधा झालीच. इंधन तेच, ‘स्वच्छ’ वगैरे.

वास? सिलिंडरला येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. इंजिनात तो जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात 8 तासांच्या सरासरीची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग होती. ती नाकाला कशी कळणार? मीटरच लागतो.

गॅस खाली बसतो, हे न जळलेल्या एलपीजीबद्दल खरं आहे. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, पोटमाळ्यावर बिलं करत बसलेल्यापर्यंतही पोचतो.

गूळ खुशाल खा. रक्तातला वायू त्याने निघत नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. पाऊस असला तरी शटर उघडं आणि एक्झॉस्ट पंखे चालू. गाडी उभी, तर इंजिन बंद. गोदाम बंदच ठेवायचं असेल तर मालकाकडे बॅटरीची गाडी मागा. एकाच पाळीत दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर ‘पित्त झालं’ म्हणून गोळी घेऊन परत आत जाऊ नका. इंजिन बंद करा, सगळे बाहेर या, 108 ला फोन करा. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, की बंद जागेत गॅसचं इंजिन चालू होतं. नाहीतर तेही पित्ताचीच गोळी देतील.