डुप्लिकेट म्हणण्याआधी एकदा ती भिंत हाताने चाचपून बघा

आज सकाळी इथल्या, म्हणजे दक्षिण कोरियातल्या, आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सुवॉनचा किल्ला बघण्यात वेळ घालवू नका. १९७५ नंतर बांधलेला डुप्लिकेट आहे. त्यापेक्षा सोलला जाऊन हानबोक (कोरियन पारंपरिक पोशाख) घाला, फोटो काढा." खाली अकरा अंगठे. मी सुवॉनमध्ये सहा वर्षं राहतोय. दुपारपर्यंत गप्प बसलो, आता राहवत नाही.

डुप्लिकेट? या किल्ल्याचं नाव ह्वासाँग. त्याचा तट साधारण पावणेसहा किलोमीटरचा. राजा जाँगजोने तो १७९४ ते १७९६ मध्ये बांधून घेतला. पाल्दालमुन, ह्वासॉमुन हे दरवाजे तेव्हापासून उभे आहेत. उत्तरेच्या जांगानमुनची लाकडी माडी कोरियन युद्धात उद्ध्वस्त झाली, ती नंतर पुन्हा उभी केली. बॉम्ब पडले यात त्या दरवाजाचा काय गुन्हा?

दोन वर्षांपूर्वी अण्णा इकडे आले होते. माझे वडील गवंडी. चाळीस वर्षं साताऱ्यात आणि पुण्यात लोकांची घरं बांधली. त्यांना आधी सोलला नेलं, ग्याँगबोकगुंग राजवाडा दाखवला. मोठा आहे, सुंदर आहे, पण अण्णांचं लक्ष गर्दीतच. मग सुवॉनला तटावर नेलं, तर दहा पावलांवरच थांबले. खालच्या काळपट दगडावर हात फिरवला, मग वरच्या उजळ दगडावर. म्हणाले, "हा जुना, हा नवा. पण जोडणाऱ्याने घाई केलेली नाही." नवं काम त्यांना न सांगता कळलं. कुणी लपवलेलंच नव्हतं ते!

रंग जरा भडक वाटतो, मान्य. तटाच्या आतल्या राजवाड्याच्या दारात खाण्याच्या टपऱ्या आहेत, तेही मान्य. पुढे.

खरी गोष्ट तिथल्या संग्रहालयात आहे. किल्ला बांधून झाल्यावर १८०१ मध्ये त्या कामाचा सगळा हिशेब छापला गेला, 'ह्वासाँग साँगयॉक उइग्वे' या नावाने. दरवाजांची चित्रं, दगड उचलायच्या यंत्राची आकृती (ते यंत्र जाँग याक-योंग या विद्वानाने तयार केलं होतं), सामान, खर्च सगळं. सत्तरच्या दशकात दुरुस्ती झाली ती या पुस्तकावरून. कुणाच्या मनाला आलं म्हणून नव्हे.

आणि त्यात कारागिरांची नावं आहेत. पाथरवट, सुतार, एकेकाचं नाव, किती दिवस काम केलं, अगदी अर्ध्या दिवसापर्यंत. मजुरी रोख. उन्हाळ्यात राजाने कामगारांना उष्म्यावरचं औषध वाटलं, त्याचीही नोंद. काहींना तर धड नावही नव्हतं, 'थोरला', 'धाकटा' एवढंच, तर तसंच लिहिलंय. मी मोबाइलवरून वाचून सांगत होतो. अण्णा काचेला नाक लावून उभे. चिनी अक्षरं, एक कळत नव्हतं. एकदम म्हणाले, "अरे, हा तर मस्टर आहे!"

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाले, "रायगडावर हिरोजींची पायरी आहे. सेवेचे ठायी तत्पर. त्यांचं नाव तरी आहे. त्यांच्या हाताखाली चुना मळला, त्यांचं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही.

म्हणून त्या मेसेजचा राग येतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अर्ध्या दिवसाच्या हजेरीचा हिशेब ज्यांनी सांभाळला, त्यांच्या कामाला तुम्ही दोन मिनिटांत डुप्लिकेट म्हणता, आणि लोक अंगठे देतात! आपल्याकडे तटात सिमेंट ओतलेलं बघून आपणच हळहळतो ना? मग जिथे जुन्या चित्राबरहुकूम जपून काम केलंय, तिथे निदान दोन तास थांबा.

जाऊ दे. भांडायचं नाही मला. ज्यांना यायचंय त्यांना मी स्वतः नेईन. ह्वाहोंगमुनपासून सुरुवात करू, तिथे सात कमानींखालून ओढा वाहतो. पुढे चढ लागतो, गुडघेदुखी असेल त्यांनी सांगा, हळू चालू. ज्यांना गाव बघायचंय त्यांनी सुनचॉनजवळच्या नागान गावही बघा. तटाच्या आत पेंढ्याने शाकारलेली घरं आणि त्यात आजही नांदती कुटुंबं. अण्णांना तिकडे न्यायचं राहिलं.

संध्याकाळी मी एकटाच तटावर जाऊन आलो. एक फोटो अण्णांना पाठवला. आत्ताच त्यांचा आवाजी मेसेज आला: "तिसऱ्या थरात दगडांमधल्या दर्जा उघड्या दिसतायत. पावसाआधी भरतील का रे ते?"