‘शाळकरी पोरालाही कळतं’ म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांना उत्तर

स्पष्टवक्ता (नाव तुम्हीच घेतलंय, तेव्हा तसंच म्हणतो),

‘इम्युनिटीचे अर्थ’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “इम्युनिटी म्हणजे रोगप्रतिकारशक्ती हे शाळकरी पोरालाही कळतं. त्यासाठी रोमपर्यंत जायची गरज नव्हती. पांडित्य झाडणं बंद करा.” मतभेदाला माझी ना नाही. पण हा सूर वाचून वाटलं, मीच तुमच्या ओट्यावर न विचारता येऊन बसलोय की काय. ब्लॉग माझा आहे हो. आणि तो वाचायला या म्हणून तुमच्याकडे अक्षता घेऊनही कुणी आलं नव्हतं.

लेख लांबला, हे कबूल. परदेशी वकिलातींच्या मुत्सद्द्यांना खटल्यांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा (त्यालाही इम्युनिटीच म्हणतात) परिच्छेद गाळला असता तरी चाललं असतं.

आता तुमचं ते वाक्य. शाळकरी पोराला कळतं तेवढं पुरलं असतं, तर २०२० साली गल्लोगल्ली इम्युनिटी विकली गेली नसती. काढा, गोळ्या, हळदीचं दूध, सगळ्यावर एकच शिक्का: इम्युनिटी वाढवा. हे खपलं त्या ‘शक्ती’मुळे. शक्ती म्हटलं की ती जोर-बैठका मारून कमावता येते असं वाटायला लागतं. मूळ शब्दात ही शक्ती नाहीच. इम्युनिटी ज्यावरून आली तो रोमनांचा ‘इम्युनिस’ म्हणजे करातून, सरकारी कामातून सुटलेला माणूस. आपल्याकडच्या सारामाफीचाच प्रकार. सारामाफी अमक्या जमिनीला, अमक्या कारणानं मिळते. शेजारच्या शिवाराला तिचा उपयोग नाही. गोवर येऊन गेला की गोवरापुरती सुटका होते, कांजिण्या त्याला जुमानत नाहीत. उलट गोवर आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेलं संरक्षणही काही अंशी पुसून टाकतो. (जन्मजात संरक्षण कुठल्याही जंतूवर धावून जातं हे मला ठाऊक आहे. ते सांगायला लगेच सरसावू नका.)

आणि ही ‘शक्ती’ नुसती वाढवतच न्यायची असेल, तर ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाला विचारा. तिथं हेच संरक्षण स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. दुसऱ्याची किडनी बसवलेल्या माणसाला तर ते दाबून ठेवायची औषधं घ्यावी लागतात. त्याला तुमचा काढा सुचवून बघा, डॉक्टर काय म्हणतात ते!

‘तुम्हाला काय कळतं’ असंही तुम्ही विचारलंय. माझे वडील देवी डॉक्टर होते. म्हणजे डिग्रीवाले नव्हेत, गावोगाव सायकलवरून फिरून देवीची लस टोचणारे. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि त्यावर दातेरी चकती दाबून फिरवायची. पोरं किंचाळायची, आया पदर डोळ्यांना लावायच्या, काही घरं तर त्यांची सायकल दिसताच दार लावून घ्यायची. तोंडावर वण असलेला माणूस दिसला की बायका म्हणायच्या, “याला देवी येऊन गेल्यात, याला आता धास्ती नाही.” त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पण ‘येऊन गेल्यात’ आणि ‘धास्ती नाही’ एवढ्यात त्यांनी जे सांगितलं, ते ‘रोगप्रतिकारशक्ती’ या भारदस्त शब्दात कुठं आहे ते दाखवा. भारतातली देवीची पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि १९८० साली जगातून देवी संपल्याचं जाहीर झालं. मधल्या सगळ्या काळात या लसीनं कुणाला बलवान केलं नाही. एका रोगातून सूट मिळवून दिली, बस्स.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. राज्यपालांचा उल्लेख करून मी राजकारण आणलं म्हणता. मी कुठल्याही पक्षाचं नाव घेतलं नव्हतं, राज्यपालांच्या इम्युनिटीचं राज्यघटनेतलं कलम ३६१ सांगितलं होतं: पदावर असेपर्यंत फौजदारी खटला नाही, खासगी कृत्याबद्दल दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस. पद गेलं की हे कवचही गेलं. यात राजकारण दिसत असेल तर चष्मा तपासून घ्या.

अक्षर बारीक दिसतं ही तक्रारही वाचली. मोबाइलवर दोन बोटांनी ताणलं की मोठं होतं.