सायकल लहान, पैसे मोठ्यांचे

पंधरा युरो. हा आकडा आधीच सांगून टाकतो. पुढे पूल येतील, बोगदा येईल, इरॅस्मसही येईल, पण माझ्या डोक्यात सबंध वेळ हाच आकडा होता आणि अजून आहे.

मुलगी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि चौथ्याच दिवशी तिने आम्हाला शेजारच्या रॉटरडॅमला सायकल सहलीवर पिटाळलं. "तीन तास, सोबत गाइड, सगळं शहर दाखवतात. आणि बाबा, तुम्ही तर पुण्याचे!" या शेवटच्या वाक्याने घात केला.

सायकलवाल्यांकडे पोचलो तेव्हा गाइड म्हणून जो पोरगा पुढे आला त्याच्या खांद्यापर्यंत माझी नजर कशीबशी पोचत होती. डच पुरुषाची सरासरी उंचीच सहा फूट. हा सरासरी वाढवणाऱ्यांपैकी. तो एकेकाकडे नुसता बघून सायकली वाटत होता, शिंपी नजरेने माप घेतो तसा. बायकोला मिळाली काळी, भारदस्त, उंच हँडलची सायकल. बायको ५ फूट ६ इंच, सांगलीची, शाळेत रोज सहा किलोमीटर सायकल मारलेली. टांग टाकून बसली ती थेट राणी लक्ष्मीबाईच. मी ५ फूट ३ इंच. माझ्यासाठी त्याने सीट अगदी तळाला नेलं, तरी माझे दोन्ही पाय हवेत. त्याने एक सुस्कारा सोडला, आत गेला आणि एक मोरपिशी सायकल घेऊन आला. चाकांत चांदण्या लावलेल्या. घंटी म्हणजे लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक हसरा किडा.

"ही आम्ही दहा-बारा वर्षांच्या मुलांना देतो," तो म्हणाला. "पण फार चांगली आहे!"

'पण फार चांगली आहे' हे वाक्य आपल्याकडे कांदेपोह्यांच्या वेळी कुठल्या सुरात म्हणतात ते सांगायला नको. अगदी तोच सूर. आमच्या गटातलं जर्मन जोडपं एकदम आभाळाकडे बघायला लागलं.

इथे एक जुनी जखम सांगणं भाग आहे. आमच्या पेठेत कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकली मिळायच्या. छोटीला तासाला पन्नास पैसे, मोठीला रुपया. मी दहा वर्षांचा असल्यापासून मोठी मागायचो आणि दुकानदार तोंडातलं पान न हलवता म्हणायचा, "तुला छोटीच. पाय पुरूदेत, मग ये." पाय पुरायला माझं मॅट्रिक उजाडलं, तोवर दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं होतं. म्हणजे भाड्याची मोठी सायकल माझ्या नशिबात आलीच नाही, आणि चौपन्नाव्या वर्षी सातासमुद्रापार जाऊन मी पुन्हा छोटीच घेतली. पण एक फरक लक्षात घ्या. पेठेतला तो दुकानदार छोटीचे पैसे छोटीइतकेच घ्यायचा.

या सायकलला हँडलवर ब्रेक नव्हता. तिथे बऱ्याच सायकलींना नसतो. पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. हे सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं, पण पायांनी ऐकलं नव्हतं. आपल्याला चालवता चालवता उगाच उलटं पायडल मारायची सवय असते, विचारात असताना पाय हलवतात तशी. पहिल्या दोनशे मीटरमध्ये मी चार वेळा विचारात पडलो आणि चारही वेळा जागच्या जागी थांबलो. चौथ्या वेळी जर्मन गृहस्थाचं पुढचं चाक माझ्या मडगार्डला येऊन भिडलं. तो "सॉरी" म्हणाला. चूक माझी, सॉरी त्याचं. असा माणूस फार टोचतो.

शहराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मी ते थोडक्यातच पाहिलं. बाकी वेळ डोळे लाल डांबराच्या सायकल पट्ट्यावर आणि त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांवर. त्रिकोणांची टोकं आपल्याकडे असली तर आपण थांबायचं. मार्केट हॉल २०१४ साली उघडला: घोड्याच्या नालासारखी प्रचंड कमान, पोटात बाजार आणि कमानीच्या जाडीत २२८ घरं. बायकोने विचारलं, "मासळीचा वास वर जात नाही का?" गाइडला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. समोरच खांबांवर कलते उभे केलेले पिवळे घन. १९८४ सालची ती घरं आहेत आणि लोक त्यांत खरंच राहतात. तिथेही बायकोने विचारलं, "कपाट कुठल्या भिंतीला लावतात?" एव्हाना गाइड तिच्याशी आदराने बोलू लागला होता. माझ्याशी तो हळू आणि स्पष्ट बोलायचा, लहान मुलांशी बोलतात तसा. सायकल बघून माणसाचा आवाज कसा बदलतो ते त्या दिवशी कळलं.

लॉरेन्स चर्चपाशी इरॅस्मसचा, म्हणजे रॉटरडॅमच्या जुन्या विद्वान लेखकाचा, १६२२ सालचा धातूचा पुतळा आहे, हातात उघडं पुस्तक. घड्याळाचे ठोके ऐकले की तो पान उलटतो, अशी तिथली आख्यायिका. 'ऐकले की'. पुतळ्याला ऐकू येत नाही, त्यामुळे खोटं काहीच नाही. अशी कलमबंद भाषा मी फक्त आमच्या पेठेतल्या पाट्यांवर वाचली आहे.

मग शिल्पकार झादकिनने केलेल्या पुतळ्यापाशी थांबलो. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी पंधरा-वीस मिनिटांत या शहराचा मध्यभाग संपवला. उरलेलं आगीने नेलं. सुमारे ८० हजार माणसं बेघर झाली. आग कुठवर पोचली होती ती हद्द आज फरसबंदीत लाल दिव्यांनी दाखवली आहे. पुतळ्यातल्या माणसाचे हात आकाशाकडे आणि छातीच्या जागी आरपार भोक. गाइड गंभीर झाला होता. जर्मन जोडपं मान खाली घालून उभं होतं. आणि त्या शांततेत माझं कोपर हँडलला लागून तो लाल किडा वाजला. टिंग-टिंग.

कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं.

इरॅस्मस पुलावर वारा होता. १९९६ सालचा पूल, ८०२ मीटर लांब, वाकडा पांढरा मनोरा, म्हणून लोक त्याला हंस म्हणतात. चढ फार नाही, पण बिनगिअरच्या छोट्या चाकावर तो सिंहगड होतो. माझे पाय शिवणयंत्रासारखे चालत होते आणि मी मात्र तिथेच. शेजारून एक बाई पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलवरून दोन मुलं घेऊन गेली. मुलं माझ्या सायकलकडे टक लावून बघत होती. त्यातलं एक आईला काहीतरी म्हणालं आणि आई "श्श" म्हणाली. पाठोपाठ सात-आठ वर्षांची मुलगी माझ्याच जातीच्या सायकलवरून मला मागे टाकून गेली. तिने आधी हात दाखवला, घंटी वाजवली, मग गेली. शिस्तीत अपमान करतात तिथे.

आता बोगद्याकडे येतो. दक्षिण तीरावर बंदराचा धक्का, जुनं जहाज वगैरे पाहून आम्हाला मास नदीखालून उत्तर तीरावर परतायचं होतं. मास बोगदा १९४२ सालचा. सायकलवाल्यांसाठी वेगळी नळी आहे, तिच्याखाली पायी चालणाऱ्यांची वेगळी, आणि खाली उतरायला सरकते जिने. ते जिने लाकडी पायऱ्यांचे आहेत आणि त्यावर सायकल हातात धरून उभं राहायचं. ज्याला हँडलवर ब्रेक आहे तो दाबून धरतो. ज्याला पायडलमध्येच ब्रेक आहे आणि जो पायडलवर नाही, त्याने काय करायचं, हे गाइड सांगायला विसरला. तो बायकोला जहाजाबद्दल काहीतरी सांगत पुढे उतरला होता.

माझी सायकल पुढे निघाली. मी मागे ओढली. ती पुन्हा निघाली, मी पुन्हा ओढली, मारक्या बोकडासारखी. तेवढ्यात मागून कुणीतरी कॅरिअर पकडलं आणि सायकल खिळली. वळून पाहिलं. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा. एका हातात त्यांची स्वतःची सायकल, तिला अडकवलेल्या पिशवीतून बाहेर आलेली कांद्याची हात-हात लांब पात, आणि दुसऱ्या हातात मी.

"रुस्तख, रुस्तख," ते म्हणाले. म्हणजे सावकाश. मग माझा चेहरा बघून इंग्रजीत आले. "ब्रेक?"

"नाही."

"उजवीकडे उभे राहा. डावी बाजू चालणाऱ्यांची." माझा जीव टांगणीला लागला होता आणि आजोबा बाजू शिकवत होते. मी सरकलो. "ही लहान मुलांची सायकल आहे," त्यांनी माहिती दिली.

"मला माहीत आहे."

"मग तुम्ही का चालवताय?"

"त्यांनी दिली."

"किती घेतले?"

आता बघा. तीन तासांत शहरातली सगळी माणसं माझ्याकडे सहानुभूतीने, कौतुकाने, दयेने बघत होती. नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, पस्तीस युरो. मोठ्यांचा दर.

"आणि मुलांचा?"

"वीस."

आजोबांनी कॅरिअर सोडलं. सायकल सुटली, मी किंचाळलो, त्यांनी पुन्हा धरलं. धक्काच बसला होता त्यांना. "पण ही मुलांची सायकल आहे!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की समोरून वर चाललेल्या जिन्यावरच्या दोन पोरी वळल्या. "लोखंड कमी, रबर कमी. पंधरा युरो तुमचे आहेत!" परदेशात सख्खं माणूस भेटतं ते असं. माझ्या बायकोने सकाळी मला "जाऊद्या हो" म्हटलं होतं. मुलीने फोनवर "बाबा, प्लीज" म्हटलं होतं. आणि हा रॉटरडॅमचा म्हातारा कांद्याची पात सांभाळत माझे पंधरा युरो मोजत होता.

खाली पोचल्यावर सुटका होईल असं वाटलं, पण ते माझ्या शेजारून सायकल चालवू लागले. नळी लांबलचक, दिवे पिवळट, पिवळसर फरशा, डोक्यावर कुठेतरी नदी आणि तिच्यावर जहाजं. "हा बोगदा माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा," ते म्हणाले. "जर्मनांच्या ताब्यात असताना उघडला. समारंभ नाही, काही नाही. पाहिजे होता, उघडला." मग विषय न बदलता, "परत मागा. आजच मागा. उद्या ते म्हणतील काल का नाही मागितले."

मी हो म्हणालो.

"तुमच्या गावात सायकली आहेत?"

मी छाती काढली. छोट्या सायकलवर छाती काढली की गुडघे हँडलला लागतात. म्हणालो, माझं पुणं म्हणजे सायकलींचं शहर!

"मग तुम्हाला चालवता का येत नाही?"

याचं उत्तर मी त्यांना दिलं नाही, तुम्हाला देतो. कारण ते शहर गेलं. आमच्या लहानपणी डबलसीट दिसलं किंवा रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. म्हणजे सायकल हे पोलिसाने दखल घेण्याजोगं वाहन होतं. आता सायकलस्वाराची दखल फक्त अपघात विभाग घेतो. आम्हीही सायकल मार्ग बांधले. फुटपाथाला रंग लावला, सायकलचं चित्र काढलं. त्या चित्रावर दुचाक्या उभ्या असतात, पुढे वडापावची गाडी, तिच्यापुढे विजेचा डबा, आणि त्यापुढे मार्ग संपतो, कधीकधी झाडात. मी २०११ साली सायकल विकली. ट्रकचा आरसा खांद्याला लागला होता, त्या आठवड्यात. घेणाऱ्याने भंगाराच्या भावाने घेतली आणि मी एका शब्दानेही घासाघीस केली नाही, यावरून काय ते समजा.

उत्तरेकडच्या जिन्यावर आजोबांनी मला पुढे घातलं आणि पुन्हा कॅरिअर धरून वर आणलं. वर आल्यावर हात मिळवला, "पंधरा," म्हणाले, आणि झपाझप निघून गेले. बायको आणि गाइड युरोमास्ट नावाच्या उंच मनोऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे होते. "अहो, कुठे राहिलात?" तिने विचारलं. गाइड मला म्हणाला, "शाब्बास!" इंग्रजीत, पण शाब्बासच.

परत आल्यावर मी काउंटरवरच्या मुलीकडे मुद्दा मांडला. आजोबांचाच युक्तिवाद, लोखंड आणि रबरासकट. तिने शांतपणे ऐकलं. "दर माणसाच्या वयावर आहे, सायकलच्या नाही," ती म्हणाली. आवाजात ना राग ना हसू. ही मुलगी पुण्यात दुकान काढेल तर दुपारी एक ते चार बंद ठेवायचं तिला कुणी शिकवावं लागणार नाही. मी म्हणालो, मग उंची बघून सायकल का देता, तीही वयावर द्या. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने मला सफरचंदाच्या रसाची एक छोटी खोकी दिली, नळीसकट. मुलांना सहलीनंतर देतात ती.

मी ती प्यायलो. तहान लागली होती.

संध्याकाळी बायकोने इरॅस्मसच्या पुतळ्यापाशी गाइडने काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मी, मोरपिशी सायकल, किडा. पाच मिनिटांत सांगलीहून मेहुण्याचं उत्तर: "दाजी, कुणाच्या पोराची सायकल घिऊन पळालाय?" त्याखाली सव्वीस जणांनी हसरी तोंडं टाकली, त्यात माझी आईही आहे, जिला अजून फोटो उघडता येत नाही असं ती मला सांगते. मी उत्तर दिलेलं नाही. सायकलवाल्यांना मात्र ईमेल लिहून ठेवली आहे, दोन पानं झाली आहेत, आणि मुलगी म्हणते पाठवायची तर तिच्या पत्त्यावरून नाही.