होब्योच्या सुलतानाचा तह

"फितूर कसला? पक्का मुरलेला गडी होता तो!" वकिलाने चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटला. वाद पेटला होता सोमाली किनाऱ्यावरच्या होब्योच्या सुलतानावरून, युसूफ अली केनादीदवरून. मास्तरांचं म्हणणं, १८८९ साली इटलीचं संरक्षण घेऊन त्याने सोमालियाचं दार आतून उघडून दिलं.

"मास्तर, तेव्हा सोमालिया नावाचा एक देश होता कुठे?" वकील सुटलाच. "होब्योच्या उत्तरेची माजर्तीन सल्तनत, तिची गादी नात्यातल्याच बोकोर (म्हणजे राजा) उस्मानकडून हिसकावायला गेला, डाव फसला, येमेनला परागंदा झाला. तिथून हद्रमौतचे बंदूकवाले घेऊन परतला आणि १८७८ ला होब्योत स्वतःची गादी मांडली. उत्तरेला उस्मान, दक्षिणेला वारशेख बंदराच्या मुलखावरून झांझिबारच्या सुलतानाशी भांडण. असा माणूस तिसरा कोणीतरी शोधणारच की! कारभारात ढवळाढवळ करायची नाही, असं इटलीकडून लिहून घेतलं. वर हत्यारं आणि वार्षिक तनखा. पाठोपाठ उस्माननेही तसाच तह केला."

"लिहून घेतलं ना? मग १९०३ ला काय झालं तेही सांग."

इथे वकील गप्प. इंग्रजांना त्यांच्याविरुद्ध उठलेल्या दरवेशांच्या म्होरक्यावर, सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसनवर पिछाडीने चाल करायची होती, त्यासाठी होब्योला फौज उतरवायची होती. केनादीद नाही म्हणाला. झालं! ज्यांनी संरक्षणाचा शब्द दिला त्या इटलीनेच त्याला मुलासकट उचललं. आधी एडन, मग एरिट्रिया. (एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता, असं मी मध्येच म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.)

मला मास्तरांचं अर्धंच पटतं. सही करण्यात गैर काही नव्हतं. दोन्ही शेजारी त्याने बरोबर जोखले होते. इटली आणि इंग्रजांचं आपसातलं गूळपीठ मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं.

"पण मुलाला, अली युसूफला, गादी मिळालीच ना?" वकील पुन्हा उसळला.

"मिळाली. १९२५ ला दे वेक्कीने काढूनही घेतली. मुसोलिनीच्या गव्हर्नरला जुन्या तहाचा कागद कोण दाखवणार?"

"उस्मानने बंदूक दाखवली! १९२७ पर्यंत झुंजला."

"आणि हरला."

"हरला, पण इटलीला दोन वर्षं घाम फोडून! तुमच्या हिशेबात तह करणारे दोघेही फितूर. मग हा लढला कशाला?"

"गादी जायला लागली म्हणून," मास्तर म्हणाले, "देश जायला लागला म्हणून नव्हे. मघाशी तूच म्हणालास ना, देश नव्हताच?"